श्रीलंकेच्या धम्मयात्रेत खांद्यावरची पिशवी कशी भरावी?

श्रीलंकेची धम्मयात्रा आता आपल्या अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आली आहे. कुणी निवृत्तीच्या पैशातून जाते, कुणी बचत गटात वर्षानुवर्षे थोडे थोडे साठवून. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या देशात गेले, संघमित्रा थेरींनी नेलेल्या बोधिवृक्षाची फांदी जिथे आजही जपली जाते, तो देश एकदा डोळ्यांनी पाहावा ही इच्छा आपल्या घराघरांत असते. जाणाऱ्यांत साठीच्या पुढचे उपासक-उपासिका बरेच असतात. त्यांपैकी कित्येकांना रक्तदाब किंवा मधुमेह असतो.

यात्रेची तयारी म्हटली की आपण मोठ्या बॅगेचा विचार करतो. साड्या किती, फराळ किती, विमानात किती किलो चालते, वगैरे. पण मोठी बॅग बसच्या डिकीत किंवा हॉटेलच्या खोलीत राहते. सकाळी बसमधून उतरल्यापासून दुपारी पुन्हा बसमध्ये बसेपर्यंतच्या चार-पाच तासांत आपल्याजवळ असते ती फक्त खांद्यावरची पिशवी. तब्येत बिघडते तीही बहुधा याच तासांत. म्हणून आरोग्याच्या दृष्टीने हीच पिशवी महत्त्वाची. ती कशी भरावी, हे आम्ही या वेळी सविस्तर सांगत आहोत.

"आम्हाला ४५ अंशांची सवय आहे"

विदर्भ-मराठवाड्यातील मंडळी असे हमखास म्हणतात. अनुराधपूरला पारा ३२ ते ३५ अंशांच्या आसपास असतो, मग त्याला काय घाबरायचे? इथेच समजुतीत चूक होते. आपले शरीर घामाने थंड होते हे खरे, पण नुसता घाम येऊन उपयोग नसतो. तो वाळावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, घाम लगेच उडून जातो आणि त्याबरोबर अंगातील उष्णताही जाते. श्रीलंका हे समुद्राने वेढलेले, विषुववृत्ताजवळचे बेट आहे. तिथल्या हवेत आधीच भरपूर बाष्प असते. घाम अंगावरच राहतो, कपडे चिंब होतात, पाणी आणि मीठ शरीरातून जात राहते, पण अंग म्हणावे तसे थंड होत नाही. त्यामुळे तिथले ३३ अंश आपल्या कोरड्या चाळिशीइतके जड जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट अशी की, उन्हाची सवय कायमची नसते. डिसेंबर-जानेवारीत घरी स्वेटर घालणारा माणूस दोन दिवसांत तिथल्या उकाड्यात पोहोचतो. शरीराला नव्या हवेशी जुळवून घ्यायला एक-दोन आठवडे लागतात आणि यात्रा तर आठवड्यात संपते. म्हणजे सवय होण्याआधीच आपण परतलेले असतो. ही उणीव पिशवीतील पाणी, अंगावरचे कपडे आणि दिवसाची आखणी यांनीच भरून काढायची.

आधी पाणी, मग बाकी सारे

प्रत्येकाच्या पिशवीत एक लिटरची स्वतःची बाटली असावी. आणखी पाणी बसमध्ये ठेवावे आणि प्रत्येक थांब्यावर बाटली भरून घ्यावी. दोन-तीन लिटर एकदम खांद्यावर घेऊ नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे चढण लागली की कळते. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. "मला तहानच नाही" असे म्हणणाऱ्या आजींना पाणी हातात द्यावे लागते. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असून डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर यात्रेत किती प्यावे हे निघण्यापूर्वी त्यांनाच विचारावे.

पाणी सीलबंद बाटलीतलेच प्यावे. अनुराधपूर आणि पोलोन्नरुवा हा श्रीलंकेचा कोरडा पट्टा. तिथल्या शेतकऱ्यांमध्ये १९९० च्या दशकापासून मूत्रपिंडाचा एक चिवट आजार आढळतो. उन्हातील कष्ट, कमी पाणी आणि भूजलातील घटक या तिन्हींकडे संशोधक बोट दाखवतात. दोन दिवसांच्या पाहुण्याला त्याची भीती नाही. पण उन्हात पाणी कमी पडले की मूत्रपिंडावर ताण येतो, ही गोष्ट कुठल्याही गावच्या माणसाला लागू आहे.

ओआरएसची दोन पाकिटे प्रत्येक पिशवीत हवीत. पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलीचे हे वाचून तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घालावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये. जुलाब, उलट्या किंवा खूप घाम येऊन गळून गेल्यासारखे वाटले तरच ते घ्यावे. दिवसभर सरबतासारखे पिऊ नये. त्यात मीठ असते, रक्तदाबाच्या रुग्णाने हे विशेष लक्षात ठेवावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. रस्त्याकडेला मिळणारा 'तंबिली' हा केशरी रंगाचा शहाळ्याचा नारळ तर यात्रेतला आनंदच आहे. तो समोर फोडून घेऊन लगेच प्यावा. शहाळ्यात पोटॅशियम जास्त असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बायका पाणी का पीत नाहीत?

याचे कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण गटात ते बोलले जात नाही. शौचालय कुठे मिळेल, स्वच्छ असेल का, बस थांबेल का, या काळजीने उपासिका सकाळपासून पाणीच टाळतात. मग दुपारी डोके दुखते, चक्कर येते आणि पुढे दोन दिवसांनी लघवीची जळजळ सुरू होते. हा दोष त्यांचा नाही, आखणीचा आहे. गटप्रमुखांनी सकाळीच माईकवरून सांगावे की दर दोन तासांनी बस शौचालयासाठी थांबेल, आणि ते पाळावे. मागणी येण्याची वाट पाहू नये. मागायला संकोच वाटतो, म्हणून तर प्रश्न आहे.

पिशवीत कागदी साबण, टिश्यू पेपर, थोडी सुटी नाणी, दोन सॅनिटरी पॅड आणि वापरलेले गुंडाळायला जुने वर्तमानपत्र ठेवावे. प्रवासात पाळी अवेळी येऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी पॅड सोबत हवेच.

औषधे डिकीत ठेवू नका

पिशवीतला सर्वांत छोटा आणि सर्वांत महत्त्वाचा कप्पा औषधांचा. त्यात आजच्या दिवसाचे डोस आणि शिवाय एका दिवसाचे जादा ठेवावेत. बस बिघडली, मुक्काम बदलला तरी गोळी चुकता कामा नये. गोळ्या सुट्या काढून डबीत भरू नयेत. पाकिटासकट ठेवल्या म्हणजे नाव आणि मुदत दिसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत असावी आणि तिच्यावर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे. आपल्याकडचे कंपनीचे नाव तिथल्या औषध दुकानात माहीत असेलच असे नाही. मूळ नाव मात्र सगळीकडे एकच असते.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उन्हात त्या चालू ठेवाव्यात की डोस बदलावा, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. "लघवीला जावे लागते" म्हणून परस्पर गोळी बंद करू नये.

मधुमेहींना यात्रेत खरा धोका असतो तो जेवण लांबण्याचा. साडेबाराचे जेवण वाहतुकीमुळे अडीच वाजता होते, पण सकाळची गोळी किंवा इन्सुलिन आपले काम करतच असते. साखर एकदम उतरली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घाम उन्हामुळे आला असे समजून सोबतचे दुर्लक्ष करतात. अशा वेळी ताबडतोब तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे आणि नंतर काही खायला द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. मधुमेहीच्या पिशवीत साखरेची पुडी आणि बिस्किटे हवीतच. भाजके शेंगदाणे, फुटाणे आणि तिथे मिळणारी केळी ही सर्वांसाठीच चांगली शिदोरी.

इन्सुलिनची वापरात असलेली बाटली किंवा पेन उन्हात तापलेल्या बसमध्ये ठेवू नये. छोट्या थर्मासमध्ये थंड पाणी फिरवून ओतून टाकावे, थर्मास पुसावा आणि पेन रुमालात गुंडाळून आत ठेवावे. बर्फाला मात्र थेट टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

अनवाणी पाय आणि तापलेला दगड

महाबोधी वृक्ष, रुवनवेलिसाय स्तूप, पोलोन्नरुव्याचे गल विहार, कँडीचे दंतधातू विहार, कुठेही जा, चपला आणि टोपी बाहेर काढावी लागते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. त्या देशातील उपासक पांढरे कपडे घालतात. आपल्या घरात पांढरी साडी, पांढरा सदरा असतोच. सुती आणि सैल असेल तर उन्हालाही तोच उत्तम.

प्रश्न येतो तो पायांचा. अकरानंतर स्तूपाभोवतीची फरशी तव्यासारखी तापते. निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो. पण बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. चटका कळतच नाही, श्रद्धेने प्रदक्षिणा पूर्ण होते आणि रात्री तळव्याला फोड दिसतात. मधुमेहीच्या पायाची जखम चिघळली तर काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्याच घरात पाहिले आहे. म्हणून जाड सुती पांढरे मोजे पिशवीत ठेवावेत. अशा ठिकाणी पर्यटक मोजे घालून फिरतात, तरी दाराशी असलेल्या सेवकाला एकदा विचारून घ्यावे. चपला ठेवायला कापडी पिशवी असावी. दर्शन सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर ठेवावे. टोपी काढावी लागत असल्यामुळे डोक्याचे रक्षणही या वेळेनेच होते. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना पाहायला सांगावेत. चटका बसलाच तर पंधरा-वीस मिनिटे साध्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद काही लावू नये.

चढण: कुठे थांबायचे हे आधी ठरवा

मिहिंतले येथे महिंद थेर आणि देवानंपिय तिस्स राजा यांची भेट झाली असे परंपरा सांगते. तिथे सुमारे १८४० पायऱ्या असल्याचे सांगतात. बऱ्याच वरपर्यंत वाहनाचा रस्ता जातो, गुडघेदुखी असणाऱ्यांनी तो घ्यावा. सिगिरियाला सुमारे १२०० पायऱ्या आहेत. छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि चालताना दम लागणाऱ्यांनी सिगिरिया खालच्या बागेतूनच पाहावे. वर न गेल्याने यात्रा अपुरी राहत नाही.

दांबुल्ल आणि सिगिरिया येथे माकडे आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती झडप घालतात. खाऊ चेन असलेल्या कप्प्यात ठेवावा. माकडाने किंवा कुत्र्याने चावले, ओरखडले तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. परत गावी जाऊन पाहू, असे म्हणू नये. सिगिरियाच्या कड्यावर गांधीलमाशा आणि मधमाश्यांची पोळी असतात. तिथे गोंगाट करू नये, तीव्र वासाचे अत्तर लावू नये.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. या आजारात शरीरातील पाणी कमी झाले की तांबड्या पेशी अधिक सहज विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. ऊन, दमछाक आणि एकाएकी लागणारी थंडी ही तिन्ही कारणे यात्रेत एकत्र येतात. बाहेर घाम आणि बसमध्ये एसीचा झोत. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाच्या पिशवीत पाणी इतरांपेक्षा जास्त हवे. एक पातळ शाल हवी आणि रोजच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी हवी. त्याचा भार सोबत्याने उचलावा. सिकलसेलचे कार्ड जवळ ठेवावे. ताप आला, छातीत दुखले किंवा श्वास लागला तर हॉटेलवर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही, पण त्यांनीही कडक उन्हात, पाणी न पिता मोठी चढण चढू नये.

मुलाला किंवा मुलीला सिकलसेल आहे हे लग्नाच्या बोलण्यांमुळे गटात सांगितले जात नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. निदान गटप्रमुखाला आणि शेजारी बसणाऱ्या एका माणसाला तरी सांगा. हा आजार आहे, कमीपणा नाही.

डास, पाऊस आणि ताप

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये श्रीलंका हिवतापमुक्त जाहीर केली, पण डेंग्यू तिथे आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे नेमक्या आपल्या दर्शनाच्या वेळी. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि डास पळवणारे मलम पिशवीत ठेवावे. घामाने ते निघून जाते, म्हणून पुन्हा लावावे. यात्रेत किंवा परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ताप येताच डॉक्टरांना विचारावे. श्रीलंकेला जाऊन आल्याचेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पाऊस कधीही येऊ शकतो. घडीची छत्री उन्हालाही उपयोगी पडते. मोबाईल आणि कागद यांसाठी एक प्लास्टिकची पिशवी ठेवावी. कँडीच्या घाटात मळमळ होणाऱ्यांनी उलटीची गोळी बस निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी.

कुणाला ऊन लागले तर

डोके दुखणे, गळून जाणे, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. सावलीत बसवा, कपडे सैल करा, ओआरएस पाजा. पण माणूस गोंधळून बोलू लागला, अडखळू लागला, अंग तव्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे. त्या वेळी घाम येत असला तरीही. दर्शन बाजूला ठेवून सगळ्यांनी आपापल्या बाटल्यांतले पाणी त्याच्या अंगावर ओतावे, ओला टॉवेल मानेला आणि काखेत लावावा, वारा घालावा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नये. लगेच १९९० हा क्रमांक लावावा. 'सुव सेरिय' ही तिथली मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. ती २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १९१२ आहे.

पिशवी कशी असावी, कुणी उचलावी?

एका खांद्यावरच्या शबनमपेक्षा दोन पट्ट्यांची हलकी सॅक बरी. पाण्यासकट वजन तीन-चार किलोंच्या वर जाऊ देऊ नये. वृद्धांसाठी ते त्याहून कमी असावे. सोन्याचे दागिने, जाड पुस्तके, मोठा डबा, काचेच्या बाटल्या यांना या पिशवीत जागा नाही.

आणखी एक सांगतो. आपल्या घरांत नवऱ्याच्या गोळ्या बायकोच्या पर्समध्ये, सासूबाईंचे पाणी सुनेच्या हातात, असे चालते. गर्दीत दोघे पांगले की एकाजवळ औषध आणि दुसऱ्याजवळ आजार उरतो. ज्याचे औषध त्याच्याच अंगावर, हा नियम करा. वजन मात्र वाटून घ्या. तरुण मुलांनी दोन जादा बाटल्या उचलाव्यात, सुनेच्या एकटीच्या खांद्यावर सगळ्या घराचा भार नको.

कापून सॅकमध्ये ठेवा

१. एक लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटे
२. आजची आणि एका जादा दिवसाची औषधे, चिठ्ठीची झेरॉक्स
३. साखरेची पुडी, बिस्किटे, शेंगदाणे किंवा फुटाणे
४. जाड सुती मोजे, चपलांसाठी कापडी पिशवी
५. छोटा टॉवेल, छत्री, पातळ शाल, बाहेर चालताना टोपी
६. डासांचे मलम, चिकटपट्ट्या, जंतुनाशक, पॅरासिटामॉल
७. कागदी साबण, टिश्यू, पॅड, सुटी नाणी
८. पासपोर्ट आणि प्रवास विम्याची झेरॉक्स
९. इंग्रजीत लिहिलेले कार्ड: नाव, वय, रक्तगट, आजार, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, हॉटेलचे नाव, गटप्रमुखाचा आणि घरचा फोन

रोज रात्री झोपण्यापूर्वी सॅक पूर्ण रिकामी करावी आणि ही यादी समोर ठेवून पुन्हा भरावी. दहा मिनिटांचे काम आहे. सकाळी घाईत भरलेल्या पिशवीत नेमकी गोळीच राहून जाते.